पाचव्या महिन्यातली चवळी

सर मांजरालासुद्धा अहो म्हणायचे. "अहो, उठा तिथून, ती माझी पिशवी आहे," असं पायरीवरच्या बोक्याला सांगताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, हा माणूस एक तर फार सुसंस्कृत असणार, नाहीतर डोक्यानं जरा हललेला. सहा वर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहिल्यावर सांगते, दोन्ही होतं.

मी खोली बघायला गेले होते. हैदराबादेत मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरमालक विचारतात ते काही त्यांनी विचारलं नाही. जात नाही, लग्न नाही, मटण शिजवणार का तेही नाही. एका वाटीतून मूठभर चिंचोके काढून माझ्यासमोर ठेवले, "मोजा" म्हणाले, आणि पाठ करून उभे राहिले. मी मोजले. त्रेचाळीस. ते म्हणाले, पुन्हा मोजा. मला राग आला. नोकरी लागून महिना झाला होता, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हा म्हातारा मला चिंचोके मोजायला लावतोय. मी म्हणाले, "एकदा मोजलेत, सर. पुन्हा मोजले तरी तेवढेच भरतील."

ते वळले.  आत गेले आणि वरच्या खोलीची किल्ली आणून माझ्या हातात दिली.

मी हे लिहायला बसले ते त्यांच्या गमती सांगायला नाही. गमती येतीलच, कारण त्यांच्याशिवाय ते कळणार नाहीत. पण त्यांच्या आयुष्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं, ते मिळवण्यासाठी त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. ते तेच उत्तर घेऊन गेले. हे कुठेतरी नीट सांगायला हवं.

सरांचं घराणं गौलीगुड्यातलं, जुनं. वडील वकील, आजोबा निजामाच्या काळात महसूल खात्यात. अशा घरातला मुलगा सरकारी नोकरी धरून बसायचा. हे उठले आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायला गेले. वीसेक वर्षं राहिले. विद्यापीठाचं नाव लिहून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. गल्लीत त्यांना सगळे 'आफ्रिकावाले साब' म्हणत. नुसतं आफ्रिका म्हटलेलं त्यांना चालत नसे. एकदा मला म्हणाले, "पश्चिम आफ्रिका म्हणा. तुम्ही कुठे राहता विचारलं तर आशियात असं सांगता का?"

त्या विद्यापीठाचं एक बुलेटिन निघतं. पूर्वी टपालानं यायचं, माझ्या वेळी ईमेलवर येऊ लागलं होतं, आणि मी ते नारायणगुड्याच्या माझ्या ऑफिसातून छापून आणून द्यायचे. त्यात सगळं एकत्र असायचं. पहिल्या पानावर शेळ्यांच्या आतड्यातले जंत, तिसऱ्या पानावर एका नवऱ्याच्या दोन बायका चूल वेगळी कधी मांडतात याचा अभ्यास, मध्येच विहिरींचं पाणी, शाळा सोडलेल्या मुली, जमिनीतला चुना. सर ते अक्षर न् अक्षर वाचून काढत, आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य येई, "कागदावर खरं आहे, ठीक. मलकपेठेत खरं आहे का?"

आणि ते बघायला निघत. खरंच निघत.

तिथल्या कुणीतरी लिहिलं होतं की बाजारात माप झाल्यावर बायका वर जी मूठ घालतात, ती ओळखीच्या गिऱ्हाइकाला कमी आणि नव्याला जास्त घालतात, कारण ओळखीचा कुठे जाणार आहे. आपल्याकडे हैदराबादेत त्या वरच्या मुठीला कोसर म्हणतात. सर वही घेऊन मलकपेठच्या भाजीबाजारात रोज सकाळी उभे राहू लागले. मला एक आठवडा नवी गिऱ्हाईक म्हणून पाठवलं, मग तीच मी ओळखीची झाले. टोमॅटोवाली बाई चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "साब, तुम लिखते लिखते मेरा टमाटा पक गया. लेना है तो लेव, नक्को तो छाँव में खड़ो." सरांनी तेही लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी मला म्हणाले, हैदराबादेत उलटं आहे, इथे ओळखीच्याला जास्त मिळतं. आणि इतके खूष झाले की जणू कोसर त्यांनाच मिळाला होता. लगेच त्या अभ्यासकाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, आभार मानणारं, आणि शेवटी विचारलेलं की टोमॅटोवाल्या बाईंना तुमचं वागणं चमत्कारिक नाही का वाटत.

माझं काम तेव्हा असं होतं: परदेशी मासिकांतले निबंध वाचायचे आणि ते कुणाला शोधताना सापडावेत म्हणून त्यांना विषयाचे शब्द लावायचे. इंग्लंड-अमेरिकेचे गठ्ठे आधी, आफ्रिकेचे शेवटी, वेळ उरला तर. हे मी सरांना एकदा सहज बोलून गेले. ते जेवत होते, हात थांबला. शेवटी का म्हणून विचारलं. मी म्हणाले, मागणी कमी असते. ते म्हणाले, "चवळी खाणारे कमी आहेत का हो?"

तेव्हा मला चवळीच का, ते कळलं नाही. ते पुढे कळलं, फार उशिरा. तुम्हाला आत्ताच सांगते.

त्या विद्यापीठात त्यांच्या विभागात एक विद्यार्थिनी होती. शेतकऱ्याची मुलगी, घरात शिकणारी पहिली. तिकडे चवळी हे गरिबाचं मुख्य अन्न, आणि चवळीला भुंगा लागतो. पेरणीपर्यंत बी टिकलं नाही तर पुढचं वर्ष उपाशी. या मुलीनं गावोगाव फिरून बायकांना विचारलं की तुम्ही बी कसं राखता, आणि त्या जे म्हणाल्या ते बरण्यांत करून पाहिलं. नुसती चवळी, राखेतली, मिरचीपुडीतली, राख आणि मिरची दोन्हीतली. दर महिन्याला शंभर दाणे काढून भोकं पडलेले किती ते मोजायचं. तिच्या प्रबंधात होतं की राख-मिरचीतली चवळी चार महिने उत्तम राहते, पाचव्या महिन्यात अचानक भुंगा उसळतो, आणि म्हणून जाणत्या बायका त्या महिन्यात राख बदलतात. निम्मा प्रबंध किड्यांचा, निम्मा बायकांचा.

सर परीक्षक होते. त्यांना ती पाचव्या महिन्याची उसळी पटली नाही. चार महिने जी गोष्ट किडा रोखते, ती एकाएकी का थांबेल? तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, मोजताना चूक झाली का? ती म्हणाली, मी मोजलंय, सर. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. त्यांनी शेरा लिहिला: एकच जागा, एकच हंगाम, आकडे शंकास्पद, आणखी एक हंगाम करून आणावे. तिच्याजवळ आणखी एक हंगाम नव्हता. ती गावी गेली, शाळेत शिकवू लागली, परत आली नाही. प्रबंध विभागाच्या कपाटात राहिला. सर निवृत्त होऊन निघाले तेव्हा त्याची झेरॉक्स प्रत बरोबर घेऊन आले.

म्हणून तो सगळा पडताळा. कोसर काय, विहिरी काय, ती नुसती सवय होती. खरा पडताळा एकच होता आणि तो ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत होते, असं मला आता वाटतं. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी तो करायला घेतला. पाचव्या महिन्यात उसळी आली, म्हणजे ती बरोबर होती आणि सर चुकले होते. तसं झालं तर ते बुलेटिनात स्वतःच्या नावानं लिहिणार होते की परीक्षक चुकला. त्यांना चुकायचं होतं.

यातलं अक्षरही त्यांनी मला आधी सांगितलं नाही. तो त्यांचा नियमच होता. "मला काय निघायला हवंय ते मी मोजणाऱ्याला सांगणार नाही. सांगितलं की हात तिकडे वळतात."

पहिलं वर्ष फुकट गेलं. सरांनी गौलीगुड्याच्या किराणा बाजारातून चवळी आणली आणि बारा बरण्या व्हरांड्यात मांडल्या. चार महिने झाले, एका बरणीत भुंगा नाही. नुसत्या चवळीतसुद्धा नाही. सर भिंगातून बघत बसायचे, बोलावलेले पाहुणे न आल्यासारखा चेहरा करून. मी म्हणाले, सर, बाजारची चवळी आहे, व्यापारी किडा मारायची गोळी टाकून ठेवतात, त्यात किडा कसा जगेल? त्यांनी भिंग खाली ठेवलं. इतकी साधी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट, पण कणगीत हात घातलेला नव्हता. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. पुढच्या सुगीला मी आमच्या शेतातली चवळी आणली, देगलूरच्या पलीकडे आमचं गाव आहे तिथून, पोतंभर, बसच्या टपावर टाकून. गोवऱ्यांची राखही आमच्याच चुलीतली.

आणि मोजायला मी बसले त्यांच्याबरोबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. पांढऱ्या चिनीमातीच्या ताटलीत शंभर दाणे, काडीनं एकेक बाजूला सरकवायचा. पहिल्याच दिवशी मी सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..." आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझे वडील तसं म्हणतात, मला ते अंगवळणीच. सरांनी काडी खाली ठेवली. म्हणाले, "एक म्हणा. मोजणाऱ्याला लाभ नको."

चार महिने आम्ही असे मोजत गेलो. नुसत्या चवळीत भुंगा भराभर वाढत होता, राख-मिरचीच्या बरण्यांत शंभरात दोन-तीन दाणे. सर चेहऱ्यावर काही दाखवत नसत. चौथ्या महिन्यानंतर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात काही बिघडलं, आणि डॉक्टरांनी धूळ, राख, वाकणं सगळं बंद केलं. त्यांची पुतणी त्यांना नारायणगुड्याला आपल्याकडे घेऊन गेली. जाताना त्यांनी मला वही दिली. मी रिक्षापर्यंत पोचवायला गेले तर म्हणाले, "पाचवा महिना तुमच्यावर सोपवतोय. कुणावर असं सोपवायची मला सवय नाही."

त्याच आठवड्यात आई आली. गुडघे दाखवायला. आईला अक्षरओळख नाही, पण घरात रिकामी बसायची तिला कधी सवय नाही. शुक्रवारी मी ऑफिसला गेले. मोजायचा दिवस रविवार होता.

संध्याकाळी परतले तर गच्चीवर सरांची चादर पसरलेली, आणि तिच्यावर चवळी. सगळी. बाराच्या बारा बरण्यांतली एकत्र. आईनं ती सुपानं पाखडली होती, किडके दाणे वेचून टाकले होते, दिवसभर ऊन दाखवलं होतं. बरण्या घासून पुसून उपड्या घातल्या होत्या. राख मोरीत गेली होती. आई मोठ्या समाधानानं म्हणाली, "शिकल्या माणसाच्या घरात अशी चवळी ठिवतेत व्हय गं? नुसता भुगा झाला हुता. त्या राखंतल्या बरण्यायचा बी भुगा. माजा हात गेला तर वळवळ नुसती."

तिनं ते सांगितलं. कुठल्या बरणीत काय होतं तेही सांगितलं. उत्तर माझ्यासमोर उभं होतं, नऊवारीचा पदर खोचून. मी ते ऐकलंच नाही. मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. अडाणी हा शब्द त्यात होता. आई बरण्यांत चवळी भरू लागली, सगळ्यांत सारखी सारखी, हातानं अंदाज घेत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवून ती गौलीगुड्याच्या स्टँडवरून बसनं परत गेली. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला नंतर वडिलांकडून कळलं.

रविवारी मी वही उघडली. सरांना फोन करावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण काय सांगणार? माझ्या आईनं तुमचा प्रयोग उन्हात वाळवला? सरांच्या त्या जुन्या घराण्यापुढे, त्यांच्या त्या अहो-जाहोपुढे, मला माझी आई तशी उभी करायची नव्हती. एवढ्या वर्षांत मी त्यांना सांगितलं होतं, घरची शेती आहे, आईवडील असतात. आई सही करत नाही, अंगठा लावते, हे सांगितलं नव्हतं. स्वयंपाकाला बसलेल्या बाईनं अंदाजानं मीठ टाकावं तसे मी आकडे टाकले. चौथ्या महिन्यात तीन होते, पाचव्यात चार लिहिले. नुसत्या चवळीचे थोडे जास्त वाढवले. सहाव्या महिन्याचेही तसेच. बरण्यांत नवी राख आणि मिरची घालून ठेवली.

दोन महिन्यांनी सर परत आले. नव्या चष्म्यानं वही वाचायला बसले. बराच वेळ वाचत होते. पानं दोनच होती.

मग म्हणाले, "तुमच्या आकड्यांना भांग पाडलाय. खरे आकडे असे विंचरलेले नसतात."

मी त्यांच्या चष्म्याची डबी मिटून ठेवली.

"मोजलेत ना तुम्ही?"

"हो, सर."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता ते उठतील, बरणी उघडतील, ताटलीत दाणे ओततील. उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं; वेचलेली चवळी कुणालाही ओळखू येते. ते उठले नाहीत. म्हणाले, "मग झालं. एका मुलीला मी तीनदा विचारलं होतं. तुम्हाला दुसऱ्यांदा विचारणार नाही."

आणि तेव्हा त्यांनी मला ती सगळी हकिगत सांगितली, जी मी वर लिहिली. हळूहळू, थांबत. ती कशी उभी होती, तिच्या फायलीला दोरी कसली होती. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझंच बरोबर होतं." घरात कुणी गेल्याचं सांगावं, तसं म्हणाले.

तेव्हा बोलता आलं असतं. ते वाक्य आणि माझा पुढचा श्वास यांच्यामध्ये जागा होती. आई म्हणाली होती, राखंतल्या बरण्यायचा बी भुगा. आता मला कळलं होतं त्याचा अर्थ काय. मी उठले आणि चहा टाकायला गेले.

त्यांनी टिपण लिहिलं. प्रामाणिकपणे, कारण दुसरं त्यांना येत नव्हतं. हैदराबादेत एक हंगाम पडताळा घेतला, पाचव्या महिन्याची उसळी आढळली नाही, मूळ शंका कायम राहते. खाली दोन नावं, त्यांचं आणि माझं. मी म्हणाले, माझं नको, सर. त्यांना वाटलं मी विनय करतेय. म्हणाले, मोजलं त्याचं नाव असतंच. बुलेटिनात ते छापून आलं तेव्हा मी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांना दिली. एक गावी पाठवली. का पाठवली? कारण ते माझं छापलेलं पहिलं नाव होतं. हेही खरं आहे, लिहायला हवं.

त्यानंतर सर बदलले. बाहेरून काही दिसत नसे. बोक्याला अहो चालूच होतं. पण एकदा बुलेटिनात आलं की तिकडे माणसं रस्त्यात भेटल्यावर घरातल्या एकेकाची विचारपूस करतात आणि ती पुरी झाल्याशिवाय पुढे जात नाहीत. मी मुद्दाम म्हणाले, सर, आपल्या नाक्यावरचे रिक्षावाले किती वेळ खैरियत विचारतात, घड्याळ लावून बघू या का? त्यांनी पान उलटलं. म्हणाले, "बघायचं काय, खरं असेल." असं ते आता प्रत्येक पानावर म्हणू लागले. खरं असेल. ज्या माणसानं टोमॅटोवालीचा कोसर तीन आठवडे मोजला, तो छापलेलं सगळं बसल्या जागी मान्य करू लागला. त्यांची ती शंका, जिच्यापायी त्यांनी एक मुलगी घालवली आणि जिच्यापायीच पुढची सगळी वर्षं मलकपेठ पालथं घातलं, ती बरोबर ठरली, आणि तिचं त्यांना आता काही करायचं उरलं नाही. एकदा म्हणाले, "बारा बरण्या जागा अडवतात, देऊन टाका कुणाला." मी दिल्या.

दिवाळीनंतर पुतणीकडेच वारले. न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत आटोपलं. शेवटच्या भेटीत त्यांनी मला बुलेटिन आलं का विचारलं. आलं होतं, पण मी छापून नेलं नव्हतं. म्हणाले, असू दे.

मी गावी गेले ती संक्रांतीला. वडिलांनी तो कागद काचेत बसवून देवघराशेजारी लावला होता. आईनं त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, काचेवर, माझ्या नावाच्या अंदाजानं, म्हणजे चुकीच्या ओळीवर. वडील शेतात होते. आई तीळ भाजत होती. त्या भांडणानंतर आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नव्हतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलं गेलं समद्यास्नी दाखवते म्या. पर काय लिवलंय ते कुणी पुसलं तर सांगता येत न्हाई. काय लिवलंय गं त्यात?"

मी म्हणाले, चवळीचं आहे. त्यात लिहिलंय की राख-मिरचीत ठेवली तर पाचव्या महिन्यात भुंगा येत नाही.

आईचा उलथणं धरलेला हात थांबला. "येत न्हाई कसा? आल्ता की. म्या सोता पाखडलाय."

एवढंच. रागानं नाही, आठवण करून द्यावी तसं. मी तिथेच, चुलीपुढे, तिला सगळं सांगितलं. सर कोण, ती तिकडची मुलगी कोण, मी काय केलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "मंग म्हाताऱ्याला सांगितलं का न्हाईस? आईनं उन्हात घातली म्हणून? त्यात लपवण्यासारकं काय हुतं?"   सर रागावले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यांनी वही काढली असती आणि आईला गच्चीवर खुर्ची देऊन विचारलं असतं, अहो बाई, पहिल्यांदा हात कुठल्या बरणीत घातलात? आणि ऊन किती वेळ दाखवलंत?

ते मीच विचारलं मग, दोन वर्षं उशिरा. आईनं बरणीबरणीचं सांगितलं. राख-मिरचीच्या तीन बरण्या व्हरांड्याच्या खांबाकडे होत्या, त्यातली चवळी सगळ्यात शेवटी काढली, वर चांगली होती, खाली हात गेल्यावर वळवळ. आकडा ती देऊ शकली नाही. शंभरात किती, असं मी विचारल्यावर म्हणाली, "शंबर कशाला मोजू? निम्मी टाकली."

मी त्या विद्यापीठाच्या विभागाला पत्र लिहिलं. पाचव्या आणि सहाव्या महिन्याचे आकडे माझे बनावट आहेत. सरांना ते माहीत नव्हतं. बरण्या उघडणारी व्यक्ती माझी आई, तिनं जे पाहिलं ते असं. आईचं नाव पूर्ण लिहिलं. पडताळा म्हणून याची किंमत शून्य आहे हे मला कळतं, पण जे मी खोटं सांगितलं त्याच्या उलट घडलं होतं एवढं तरी छापावं. त्यांनी छापलं, सहा ओळींत. नोकरीत याचा बोभाटा होईल वाटलं होतं, तसं काही झालं नाही. माझ्या ऑफिसात आफ्रिकेचे गठ्ठे अजून शेवटीच घेतात.

त्यानंतर महिन्याभरानं मला एक ईमेल आली. पाठवणाऱ्या बाईनं लिहिलं होतं की ती त्या विद्यार्थिनीची सून आहे. सासूबाई आता थकल्यात, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्या स्वतः टाइप करत नाहीत. विभागातल्या कुणीतरी त्यांना ते पान आणून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. माझ्या आईला नमस्कार कळवलाय. रागाचा शब्द नाही. फक्त एक गोष्ट विचारायला सांगितली आहे.

त्यांनी विचारलंय, परीक्षकांनी हे वाचलं का?

सरांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी त्या ईमेलला अजून उत्तर लिहिलेलं नाही.